दोन शेकोट्यांचा हत्ती

तळ्याकाठच्या ओल्या मातीत उमटलेलं पाऊल इतकं मोठं होतं, की इरुनची चार वर्षांची पिमा त्यात मांडी घालून बसली असती. इरुन त्या पावलापाशी उकिडवी बसली आणि तिने कडेच्या मातीत बोट खुपसलं. माती मऊ होती, तळाशी पाणी नुकतंच झिरपायला लागलं होतं. म्हणजे आजचंच. आजूबाजूला दुसरं पाऊल नव्हतं, मादीचं नाही की पिल्लाचं नाही. चार दिवस ती इथे येत होती आणि चारही दिवस हाच एक नर, उजवा सुळा अर्ध्यात मोडलेला, ऊन डोक्यावर आलं की टेकडीवरून उतरून पाण्यावर यायचा. यायची वाटही ठरलेली. दोन्ही बाजूंना दलदल आणि मधून कडक जमिनीचा एक अरुंद पट्टा. त्यावरून तो सावकाश यायचा, पोटभर पाणी प्यायचा आणि त्याच पट्ट्यावरून परत जायचा.

माद्यांच्या कळपाला हात लावायची कोणाची छाती नव्हती. एकीला भाला लागला तर दहा जणी वळून येतात. एकट्या नराच्या मदतीला मात्र कोणी येत नाही.

ती तळावर परतली तेव्हा तिची सासू घोमा कातडं ताणून बसली होती. घोमाला वरचे दात उरले नव्हते, पण या शेकोटीत कधी निघायचं, कुठे उतरायचं, कोणी कुठे उभं राहायचं हे तीच ठरवायची. शेकोटी म्हणजे तरी किती, पोरंसोरं धरून अकरा माणसं.

"आत्या, तो आजही आला होता," इरुन म्हणाली.

"रोज येईल. पाणी गोड आहे इथलं." घोमाने मान वर केली नाही. "आपल्यात भाला धरणारे किती गं?"

"पाच. मी धरून सहा."

"सहा माणसांनी हत्ती मारायचा." घोमा हसली. "बरं, मेला असं धरू. मग? अजून दिवसा ऊन तापतंय. सहा जणांनी कापायला घेतला तर चौथ्या दिवशी अर्धा हत्ती सडलेला असेल आणि उरलेल्या अर्ध्यावर तरस बसलेले असतील. आपण आपले वास घेत बसू."

सगळे हसले. पण हसण्यात दम नव्हता. उन्हाळाभर हरणांनी दगा दिला होता. नदीपलीकडच्या जंगलात आग लागली आणि सगळे कळप कुठल्या कुठे पांगले. ससे, मासे, कासवं यांच्यावर माणूस जगतो, पण अंगावर चरबी धरत नाही. हिवाळा चरबीवर काढायचा असतो.

"माझ्या माहेरची शेकोटी आहे," इरुन म्हणाली. "त्यांच्यात भाला धरणारे आठ तरी असतील."

तिचा नवरा तोख पलीकडे भाल्याचं टोक दगडाने तासत बसला होता. त्याचा हात थांबला. घोमानेही कातडं खाली ठेवलं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. इरुन नुकतीच तोखबरोबर राहायला आली होती आणि दोन्ही शेकोट्या मिळून गेंड्यामागे गेल्या होत्या. घळीच्या तोंडाशी इरुनचा भाऊ लेव आणि तोख शेजारी शेजारी उभे होते. गेंडा वळला आणि सरळ त्यांच्यावर आला. लेव उभा राहिला, तोख राहिला नाही. लेवची मांडी मोडली, दोन ठिकाणी. इरुनचा बाप हुर्क ओढ्यापलीकडे उभा राहून एवढंच म्हणाला, "या माणसांच्या शेकोटीशेजारी माझी शेकोटी पेटणार नाही." तेव्हापासून पेटली नव्हती. घोमाची माणसं म्हणायची, गेंडा मध्येच वळला, त्याला कोण काय करणार. तोख काहीच म्हणायचा नाही. इरुन तेव्हा घळीच्या वर उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. तीही काही म्हणायची नाही.

"जा," घोमा म्हणाली. "नाही म्हणाले तर नाही म्हणाले. हिवाळ्यात उपाशी बसून बोलण्यापेक्षा आत्ता बोललेलं बरं."

निघताना तोखने तिला आपला भाला दिला. तिच्या भाल्यापेक्षा तो चांगला होता, लाल सालीच्या झाडाचा, टोक आगीत भाजून कडक केलेला. तो तळाच्या कडेपर्यंत तिच्यासोबत चालत आला.

"काय सांगशील त्यांना?"

"हत्ती आहे म्हणून सांगेन."

"आणि तुझ्या बाने विचारलं तर?"

इरुनने पायाला गुंडाळलेल्या कातड्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधली. "विचारलं तर बघू," ती म्हणाली. तो मान हलवून मागे वळला.

चालणाऱ्या माणसांना शोधायचं म्हणजे त्यांच्या पोटाचा विचार करायचा. टणक कवचाची रानफळं पिकली होती, म्हणजे हुर्कची शेकोटी दक्षिणेच्या उतारावर असणार. इरुन लहानपणी दरवर्षी त्या उतारावर गेली होती. वाट तिच्या पायांना पाठ होती: आधी नदीच्या काठाने पांढऱ्या कड्यापर्यंत, मग कडा डाव्या हाताला ठेवून चढायचं, वर ओकचं दाट जंगल लागेपर्यंत. कड्याखाली चांगली गारगोटी मिळते. तिथे ती थांबली, दोन मोठे दगड फोडून पाहिले आणि त्यातला न तडकलेला गाभा झोळीत टाकला. पुढे दोन दिवस असला दगड मिळत नाही. ओझं झालं, पण तिची पाठ मजबूत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उतारावर पोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. फळांच्या कवचांचा ढीग होता आणि विझलेली राख. राखेवर पावसाच्या थेंबांचे खड्डे पडून ते वाळले होते. गेल्या पावसाला सहा दिवस झाले होते, म्हणजे ही माणसं त्याच्याही आधी निघालेली. इरुनने राखेभोवतीची दगडाची ढलपं उचलून पाहिली. बहुतेक कोणाचीही असू शकली असती. एक मात्र तिने तळहातावर घेऊन बराच वेळ धरलं. घाव उलट्या बाजूने पडला होता. तिचा बाप डावखुरा होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं एका अस्वलाने नेली होती आणि तेव्हापासून तो डाव्या हातानेच दगड फोडायचा.

कुठे गेली असतील? तिने इकडेतिकडे हिंडून पाहिलं. काट्याकुट्यातून तीन वाटा फुटत होत्या. एका वाटेवर कडेच्या मातीत काठीचं भोक पडलेलं होतं, पुढे पुन्हा एक, पुढे पुन्हा एक, सगळी उजव्या अंगाला. लंगडा माणूस काठी टेकत गेलेला. लेव. ती वाट कासवांच्या तळ्याकडे जात होती. इरुनला एकदम हसू आलं. लेवला कासव फार आवडायचं. लंगडा झाला तरी सगळ्या शेकोटीला आपल्या जिभेमागे ओढत नेत असणार.

तिसऱ्या दिवशी तिला धूर दिसला.

सगळ्यात आधी लेवनेच तिला पाहिलं. तो पाण्यात गुडघाभर उभा होता, हातात काठी. पाच वर्षांत तो रुंद झाला होता, दाढी वाढली होती आणि डावा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

"अगं बाई," तो म्हणाला. "नाक आमच्या इरुनचंच दिसतंय. बाकीचं कोणाचं आहे?"

"बाकीचं चालून चालून झिजलं, दादा."

तो पाण्यातून बाहेर आला, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभा राहिला आणि बराच वेळ बाजूला झाला नाही. मग त्याने तिची झोळी काढून आपल्या खांद्यावर घेतली. "यात दगड भरलेत की काय?"

"दगडच आहेत."

"तरीच. माहेरी येताना कोणी काय आणतं, कोणी काय."

तळावर चौदा माणसं होती. पोरं तिला पाहून मागे सरकली. त्यांना ती माहीत नव्हती. इरुनचे डोळे एका माणसाला शोधत होते. तिने सगळे चेहरे पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. मग ती लेवकडे वळली.

"आई कुठे आहे?"

लेवने झोळी खाली ठेवली. "गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली गं. खोकला होता. पांढऱ्या कड्यावरच्या गुहेत ठेवली तिला."

इरुन कड्याखालून गेली होती. गारगोटी फोडत तिथेच बसली होती. ती खाली बसली. रडली नाही. पण बराच वेळ तिला समोरचं काही दिसलं नाही. कोणीतरी तिच्या हातात कासवाच्या पाठीतून पाणी दिलं, ते ती प्यायली. मान वर केली तेव्हा समोर बाप बसला होता. हुर्क म्हातारा झाला होता. छाती तशीच ओकच्या बुंध्यासारखी, पण केस पांढरे.

"खाल्लंस का?" त्याने विचारलं.

"नाही."

"आधी खा. मग काय असेल ते सांग."

ती खात असतानाच तिने सांगितलं. हत्ती, मोडका सुळा, दलदलीतला पट्टा, त्याची रोजची वेळ. हुर्क ऐकत होता, त्याचे डोळे बारीक होत गेले. हत्तीचं नाव ऐकल्यावर बाकीचेही जवळ येऊन बसले. इतक्या माणसांना हिवाळाभर पुरेल इतकी चरबी एका जागी उभी आहे, हे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"मारता येईल असा हत्ती आहे," हुर्क म्हणाला. "जागा चांगली आहे. माणसं हवीत, ती आमच्याकडे आहेत. घोमाला सांग, हुर्कने एक विचारलंय." त्याने हातातला दगड बाजूला ठेवला. "नाही, तूच सांग. तू तेव्हा वर उभी होतीस. तुझा माणूस पळाला होता की नव्हता?"

लेव कासवाच्या कवचातला मांसाचा तुकडा काढता काढता थांबला.

इरुनला घोमाचं वाक्य तोंडपाठ होतं. गेंडा मध्येच वळला. ते बोललं असतं तर कदाचित बापाने ते गिळलंही असतं, हत्तीसाठी. तिने समोर पाहिलं. डोळ्यांपुढे तोख आला. रात्री झोपेत पाय झाडणारा, त्यानंतर प्रत्येक शिकारीत सगळ्यांच्या एक पाऊल पुढे उभा राहणारा, पाठीवर आणि दंडावर व्रण गोळा करणारा. कोणी त्याला पुढे जा म्हटलं नव्हतं.

"पळाला होता," ती म्हणाली.

हुर्कने बाजूला ठेवलेला दगड पुन्हा उचलला.

"भाला टाकून पळाला. वीस वर्षांचा होता, घाबरला. त्यानंतर कधी पळालेला मी पाहिला नाही, आणि मी प्रत्येक वेळी बघत असते, बा. तू मला दुसरं काही विचारू नकोस. आई मेली आणि मला कळलंसुद्धा नाही. तू शेकोटी लांब नेलीस, त्यात माझंही काही गेलं."

म्हाताऱ्याच्या आधी लेव बोलला.

"पाच वर्षं त्यांची माणसं म्हणतायत, गेंडा वळला, गेंडा वळला. मला वाटायला लागलं होतं की मलाच नीट आठवत नाही." त्याने मांसाचा तुकडा तोंडात टाकला, चावला. "मी जाईन. पण माझी एक अट आहे. मला जिथे उभं करतील तिथे माझ्या शेजारी दाजी उभे राहतील. दुसरा कोणी नको."

"अरे, तुला पळताही येत नाही," कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच तर," लेव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंधरा जणं निघाली. अंगार बुरशीच्या गोळ्यात, वर भूर्जाची साल गुंडाळून जपलेला, पोरं खांद्यावर, लेव सगळ्यांच्या मध्ये. हुर्कने वाट बदलली. कड्याखालून न जाता तो त्यांना कड्यावरून घेऊन गेला. गुहेच्या तोंडाशी तो थांबला आणि इरुनकडे न बघता म्हणाला, "जाऊन ये." ती आत गेली. दगड रचलेले होते. तिने झोळीतला गारगोटीचा गाभा त्या दगडांवर ठेवला आणि बाहेर आली. पुन्हा चालणं सुरू झालं.

तळ दिसायला लागला तशी इरुन पुढे गेली. तोख लाकडं ओढत होता.

"आले," ती म्हणाली. "आणि मी सांगितलं त्यांना."

"काय?"

"जे झालं ते."

तोखचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. इरुनला वाटलं, आता हा रागावेल. तो खाली बसला. हातांनी तोंड पुसलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"बरं झालं," तो म्हणाला. "माझ्याच्याने झालं नसतं." मग, "पण मला विचारलं असतंस तर?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो," तो म्हणाला. "म्हणालो असतो." मग तो उठून पुन्हा लाकडं ओढायला लागला. लेवची अट कानावर आली तेव्हा त्याने फक्त मान हलवली.

बेत घोमाने आणि हुर्कने मिळून केला. दोघं तोंडाला तोंड देऊन भांडले, मातीत काड्यांनी रेघा ओढून, एकमेकांच्या रेघा पुसून. शेवटी ठरलं ते असं. हत्तीला येऊ द्यायचं, पोटभर पाणी पिऊ द्यायचं. भरल्या पोटी तो जड होतो. तो परत वळला की पट्ट्याचं टेकडीकडचं तोंड पेटत्या फांद्या आणि आरडाओरडा यांनी बंद करायचं. दोन्ही बाजूंच्या लव्हाळ्यात माणसं. तो गोंधळून बाजूला वळला की चिखलात. पण पट्ट्याच्या डाव्या अंगाला एक कोपरा होता, तिथे चिखलाखाली दगड होते. हत्तीला तो कोपरा सापडला तर तो निसटणार. तिथे दोघंच मावत होते.

"तिथे पळता न येणारा माणूस बरा," लेव म्हणाला. "मी आहे. आणि दाजी."

ऊन डोक्यावर आलं. इरुन टेकडीकडच्या तोंडाशी लव्हाळ्यात दडून होती, हातात न पेटवलेली फांदी, मागे अंगार धरलेली बाई. वारा पडलेला होता आणि सगळ्यांनी अंगाला चिखल फासला होता, म्हणून हत्तीला वास लागला नाही. तो आला. जवळून तो आणखीच मोठा दिसत होता, सरळ सुळे, एक पूर्ण, एक तुटका. कान हलवत तो तिच्यापासून वीस पावलांवरून गेला. तिला त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. तो प्यायला. अंगावर पाणी उडवलं. इतका निवांत होता, की क्षणभर इरुनला वाटलं, जाऊ द्यावा.

मग तो वळला आणि घोमाने शीळ घातली.

फांद्या पेटल्या. सगळ्यांनी एकदम ओरडायला सुरुवात केली, दगडावर दगड आपटले. हत्ती थांबला, सोंड उंच केली, एक पाऊल मागे गेला. उजवीकडच्या लव्हाळ्यातून हुर्क आणि इतर तिघं भाले रोखून उठले. हत्ती डावीकडे वळला. आणि नेमका त्या कोपऱ्याकडे.

वारा सुटला. धुराचा लोट इरुनच्या डोळ्यांत आला. धुरातून तिला दिसलं, लेव एका गुडघ्यावर भाला मातीत रोवून बसलाय. तोख त्याच्या शेजारी उभा, हातात पेटती फांदी. हत्ती त्यांच्यावर चालून गेला. जमीन हलत होती. इरुन तोखच्या पायांकडे बघत होती. पाय हलले. पुढे हलले, एक पाऊल, दुसरं. तो लेवच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्याने पेटती फांदी हत्तीच्या डोळ्याकडे भिरकावली नाही, हातातच धरून पुढे नेली. हत्तीने सोंड फिरवली. तोख उडाला आणि लव्हाळ्यात दिसेनासा झाला. पण हत्तीनेही डोकं झटकून अंग बाजूला घेतलं होतं. मागचा पाय कडेवरून घसरला. मग दुसरा. तो बसला तसा चिखल फुगून वर आला, आणि नंतर त्याने जितकी धडपड केली तितका तो खाली गेला.

इरुनला धावायचं होतं. पण तिच्या हातात आग होती आणि ती हलली असती तर तोंड उघडं पडलं असतं. ती उभी राहिली. धूर विरळ झाला तेव्हा तिला दिसलं, लेव फरफटत लव्हाळ्यात गेलाय आणि तोखच्या खांद्यावरच्या कातड्याला धरून त्याला मागे ओढतोय. तोख शिव्या देत होता. शिव्या देणारा माणूस जिवंत असतो.

हत्ती मरायला बराच वेळ लागला. चिखलावर फांद्या पसरून हुर्क पोटावर सरपटत त्याच्यापाशी गेला आणि पुढच्या पायामागे, जिथे कातडं पातळ असतं, तिथे भाला घातला. मग दुसरा गेला, मग इरुन. तिने तोखचा भाला पूर्ण जोराने आत ढकलला आणि तो हातात थरथरला, ते तिला पुढे कायम आठवत राहिलं. संध्याकाळच्या आधी हत्तीने डोकं खाली ठेवलं. कोणी ओरडलं नाही. घोमा जवळ गेली, त्याच्या मिटलेल्या पापणीवर तिने हात ठेवला आणि म्हणाली, "चला, आता कामाला लागा. तो आपलं काम करून गेला."

पंचवीस माणसं आणि बारा दिवस; मांस तेवढं पहिल्या तीन दिवसांतच कापून धुरावर चढवलं. कातडं सोलणं, मांसाच्या पट्ट्या कापणं, धुरावर वाळवणं, हाडं फोडून सालीच्या भांड्यात तापलेले दगड टाकून उकळणं, वर आलेली चरबी काढून कासवांच्या कवचांत ओतणं. रोज नवी गारगोटी बोथट व्हायची. सिंह दोनदा येऊन बघून गेले. तरस दुपारी टेकडीवर बसून हसत राहायचे. तोखचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. घोमाने त्याचा हात छातीशी बांधला आणि त्याला धुराशेजारी बसवलं, पक्षी हाकलायला. त्याला त्याची फार लाज वाटायची.

चौथ्या दिवशी हुर्क त्याच्या शेजारी येऊन बसला. इरुन जवळच हाडं फोडत होती, ऐकत होती आणि ऐकत नाही असं दाखवत होती.

"तू पळाला होतास," हुर्क म्हणाला.

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तोख धुराकडे बघत म्हणाला, "तुम्ही विचारलं नाही. ओढ्यापलीकडून एकदा बोललात आणि निघून गेलात. मी आठ दिवस लेवच्या मागे मागे येत होतो. तुम्ही थांबला नाहीत."

हुर्कला हे माहीत नव्हतं. इरुनलाही नव्हतं; तेव्हा तो शिकारीला जातो म्हणून गेला होता. तिच्या हातातलं हाड तसंच राहिलं.

"आठ दिवस?"

"नदीपर्यंत. नदीला पूर होता."

म्हाताऱ्याने धुरावरून हत्तीच्या तळपायाच्या चरबीचा एक मऊ, पिवळा तुकडा काढला आणि तोखच्या मोकळ्या हातात ठेवला. "खा. हाड लवकर धरतं याने," तो म्हणाला. आणि उठता उठता, "मी थांबायला हवं होतं," हे इतकं हळू म्हणाला, की तोखला ऐकू आलं की नाही हे इरुनला कळलं नाही.

पिमा सुरुवातीला आजोबांना घाबरायची. त्यांच्या हाताला बोटं कमी होती म्हणून. सातव्या दिवशी ती त्या हाताला धरून सगळ्यांना दाखवत हिंडत होती की अस्वलाने किती खाल्ली आणि किती ठेवली. लेवला ती "लंगडा मामा" म्हणायची आणि लेव तिला "मोठ्या तोंडाची" म्हणायचा.

तेराव्या दिवशी धुकं पडायला लागलं. रात्री पाण्याच्या कडेला पातळ बर्फ दिसू लागला. घोमा आणि हुर्क पुन्हा मातीत रेघा ओढत बसले. या वेळी भांडण वाटेवरून होतं. घोमाला उत्तरेच्या ओढ्याने जायचं होतं, तिथे घोडे खाली उतरतात. हुर्कचं म्हणणं, कड्यावरच्या गुहेत जावं, ती मोठी आहे, दोन शेकोट्या मावतात.

"दोन मावतात?" घोमाने विचारलं.

"मी मोजून आलोय."

"धूर कुठून जातो?"

"वरून जातो. भोक आहे."

घोमाने आपली रेघ पुसली नाही, पण तिला हुर्कच्या रेघेकडे वळवली. "घोडे बघून मग तिकडे येऊ. पौर्णिमेच्या आधी. गुहेची कोरडी बाजू आमच्या वाटणीला ठेव. मला दमटपणा बाधतो."

"कोरडी बाजू एकच आहे, घोमा."

"तर मग आम्ही आधी पोचू."

सकाळी दोन्ही शेकोट्या सोबत निघाल्या, नदीच्या फाट्यापर्यंत. वाळलेलं मांस आणि चरबीने भरलेली कवचं सगळ्यांच्या पाठीवर होती. पोरांच्याही पाठीवर एकेक छोटं ओझं होतं. तोखचं ओझं लेवने घेतलं होतं आणि लेवची काठी तोखच्या चांगल्या हातात होती. त्यावरून दोघांची किरकिर चालली होती.

"दाजी, सरळ धरा ती. माझी आहे."

"तू सरळ चाल आधी."

"मी सरळच चालतोय. जमीन वाकडी आहे."

इरुन त्यांच्या मागे होती, पिमा तिच्या खांद्यावर. फाट्यापाशी बाप थांबला आणि त्याने पिमाला खाली उतरवून घेतलं. "हिला मी नेतो," तो म्हणाला. "पौर्णिमेपर्यंत. तुम्ही हलके असाल तर घोडे सापडतील." इरुनने पिमाकडे पाहिलं. पिमाने आधीच आजोबांच्या केसांना धरलं होतं.

"रडली तर?" इरुनने विचारलं.

"रडली तर कासव देईन," हुर्क म्हणाला आणि चढणीकडे वळला. वर ओकची पानं पिवळी पडायला लागली होती. त्यांतून ऊन खाली येत होतं आणि पिमा त्या उन्हात मागे वळून हात हलवत होती. इरुनने झोळीचा पट्टा खांद्यावर नीट केला आणि तोखच्या आणि लेवच्या मागोमाग उत्तरेच्या ओढ्याकडे चालू लागली. लेव आपल्या शेकोटीबरोबर गेलाच नाही, हे तिच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "घोडे बघायचेत मला. आणि काठी यांच्याकडे आहे."